हाताचं बीपी नॉर्मल, तरी पाय सुजलेले: फुफ्फुसातला रक्तदाब आणि थकत जाणारं उजवं हृदय

सड्यावरची

गणपतीत गावी आलेली मुलं आईचे पाय बघतात, आणि विसर्जनानंतरच्या आठवड्यात आमच्या ओपीडीत एका ठरावीक प्रकारचे पेशंट वाढतात. साठीच्या आसपासची बाई, पाखाडी चढताना मध्येच टेकणारी, घोट्याशी बोट दाबलं की खळगा तसाच राहणारी. बरोबरच्या मुलाचं पहिलं वाक्य असतं, "बीपी तर नॉर्मल आहे, शुगरही नाही." ते खरंही असतं. मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात फिजिशियन म्हणून काम करते. हे वाक्य सतत कानावर पडतं, म्हणून हा धागा.

दंडाला पट्टा बांधून जे बीपी मोजतात ते हृदयाच्या डाव्या बाजूचं. उजव्या बाजूचा दाब त्या यंत्राला कळूच शकत नाही.

शरीरातून परत आलेलं अशुद्ध रक्त उजवं हृदय फुफ्फुसांत ढकलतं आणि तिथून शुद्ध होऊन आलेलं रक्त डावं हृदय अंगभर पाठवतं. दोन्ही बाजूंना मिनिटाला तेवढंच, साधारण ५ लिटर रक्त पुढे सरकवावं लागतं. फरक दाबाचा आहे. डावीकडे १२०/८०, तर फुफ्फुसाच्या रोहिणीत वरचा दाब जेमतेम २५ आणि सरासरी १४ मिमीच्या आसपास (दाबाचे मिमी म्हणजे पाऱ्याचे). फुफ्फुसातल्या वाहिन्या रुंद आणि लवचिक असतात, रक्त त्यांतून सहज जातं. म्हणून उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची (पुढे "उजवा कप्पा" म्हणजे हाच) भिंत ३ ते ५ मिमीच जाड असते, डाव्याची तिच्या दुपटीहून अधिक. पाटाचं पाणी ओढायला बसवलेला छोटा पंप कोणी डोंगरावरच्या टाकीला जोडला तर त्याचं जे होईल, तेच फुफ्फुसातला दाब वाढला की उजव्या हृदयाचं होतं.

सरासरी दाब २० मिमीच्या वर गेला की त्याला पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणतात. आधी ही रेषा २५ वर होती. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे झालेल्या जागतिक परिषदेने ती खाली आणली.

पुढचा प्रवास हळूहळू होतो. आधी उजव्या कप्प्याचा स्नायू जाड होतो आणि वाढलेला दाब पेलून धरतो. या काळात पेशंटला फारसं काही जाणवत नाही, चढावर थोडा दम लागतो इतकंच. मग एका टप्प्यावर जाड होणं पुरेनासं होतं आणि कप्पा फुगायला लागतो. तो फुगला की उजवीकडच्या दोन कप्प्यांमधल्या ट्रायकस्पिड झडपेचं कडं ताणलं जातं, पाकळ्या नीट मिटत नाहीत, आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं. मागे म्हणजे मोठ्या नीलांमध्ये. मानेची शीर फुगलेली दिसते. यकृतात रक्त तुंबतं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. मग पोटात पाणी, पायांवर सूज.

ही झाली मागची बाजू. पुढची बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. उजवीकडून फुफ्फुसात रक्तच कमी जातं, म्हणून डाव्या कप्प्यात कमी येतं. शिवाय फुगलेला उजवा कप्पा मधला पडदा डावीकडे ढकलतो, त्यामुळे डाव्या कप्प्याला भरायला जागाही उरत नाही. डावं हृदय स्वतः धडधाकट असूनही अंगाला रक्त कमी पडतं. थकवा, चक्कर, आणि पुढे चढताना भोवळ येऊन पडणं. चालताना-चढताना शुद्ध हरपणं हे फार गंभीर लक्षण आहे, ते "अशक्तपणा" म्हणून सोडू नका.

अजून एक गोष्ट. उजव्या कप्प्यात दाब कमी असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या स्नायूला आकुंचन आणि प्रसरण दोन्ही वेळा रक्त मिळतं. आतला दाब वाढला की आकुंचनाच्या वेळचा हा पुरवठा आटतो. स्नायू जाड झाला म्हणून त्याची गरज वाढलेली, आणि पुरवठा मात्र घटलेला. इथून ऱ्हासाचा वेग वाढतो.

दाब का वाढला हे प्रत्येक पेशंटमध्ये वेगळं असतं आणि उपचार त्यावरच ठरतात. सगळ्यात जास्त पेशंट डाव्या हृदयाच्या दुखण्याचे: जुनं बीपी, झालेला हार्ट अटॅक, झडपा. मग फुफ्फुसांचे आजार. मग फुफ्फुसात अडकलेल्या रक्ताच्या जुन्या गुठळ्या. हृदयातलं जन्मजात भोक वेळेत बंद न झालेले. आणि फुफ्फुसातल्या बारीक रोहिण्याच आतून जाड होत जाण्याचा जो खास आजार आहे, तो या सगळ्यांत दुर्मीळ, पण पंचविशी-तिशीतल्या मुलींनाही होणारा. माझी कळकळ एवढीच की इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर "पल्मोनरी हायपरटेन्शन" लिहून आलं की निदान झालं असं समजू नका. "कशामुळे?" हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

विचारा काय विचारायचं ते. वेळ मिळेल तसं लिहीन.

चाकरमानी_डोंबिवली

डॉक्टर, नेमका हाच रिपोर्ट माझ्यासमोर आहे. आई गुहागरजवळच्या गावी असते, वय ६६. इकोत आरव्हीएसपी ६८ लिहिलंय. नेटवर वाचलं की यावर सिल्डेनाफिल देतात. आमच्या डॉक्टरांनी फक्त लघवी होण्याची गोळी आणि तोंडाने ओढायचा पंप दिलाय. गोळी मागून घ्यावी का?

सड्यावरची

@चाकरमानी_डोंबिवली, मागून घेऊ नका.

आधी ६८ चा अर्थ. आरव्हीएसपी म्हणजे उजवा कप्पा आकुंचन पावताना त्यातला दाब. इकोत दाब थेट मोजत नाहीत. ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात आणि उजव्या वरच्या कप्प्यातला अंदाजे दाब त्यात मिळवतात. वेग सेकंदाला ३.८ मीटर असेल तर सुमारे ५८, त्यात १० मिळवले की तुमचे ६८. हा वरचा दाब आहे, सरासरी नव्हे. वेग मोजताना थोडी चूक झाली की वर्गामुळे ती मोठी होते. ३.४ च्या वरचा वेग असेल तर आजार असण्याची शक्यता बरीच, हे मात्र खरं. रिपोर्टात "टॅप्सी" नावाचा आकडा आहे का बघा. उजवा कप्पा आकुंचन पावताना किती सरकतो ते त्यावरून कळतं. १७ मिमीपेक्षा कमी म्हणजे तो थकलाय.

आता गोळी. सिल्डेनाफिल फुफ्फुसातल्या वाहिन्या सैल करते. मूळ दोष त्या वाहिन्यांतच असेल तर ती उपयोगी. पण दोष डाव्या हृदयात असेल आणि तुम्ही अलीकडचा रस्ता मोकळा केलात, तर जास्त रक्त आधीच तुंबलेल्या जागी जाऊन फुफ्फुसात पाणी भरू शकतं. दमेकरी फुफ्फुसात आणखी एक अडचण असते. जिथे हवा पोचत नाही तिथल्या वाहिन्या शरीराने मुद्दाम आवळलेल्या असतात. औषधाने त्या उघडल्या की रक्त हवा नसलेल्या भागातून फिरून येतं आणि ऑक्सिजन उलट घसरतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय असेल तर सिल्डेनाफिलसोबत बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जाईल.

पंप दिलाय म्हणजे डॉक्टरांचा संशय फुफ्फुसावर आहे. आई चुलीवर स्वयंपाक करायची का? स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारायची तपासणी, झालीये का?

अबोली

या गोळीबद्दल थोडं, कारण माझ्या बहिणीला तो दुर्मीळ प्रकार आहे आणि ती खरोखर त्या गोळीवर आहे. व्हायग्रा म्हणून विकतात तीच ही गोळी, त्यामुळे चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलं की काउंटरवरचा माणूस वर-खाली बघतो. ती लाजेने दुसऱ्या गावातून आणायची, आणि पावसात जाणं झालं नाही की गोळ्या चुकायच्या. आता भाऊजी तीन महिन्यांच्या एकदम आणून ठेवतात. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी आणण्याचं काम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्या.

सड्यावरची

@अबोली, खूप मोलाचं लिहिलंत. ही औषधं एकाएकी बंद पडली तर दाब उसळतो. बहीण बोसेन्टान या याच आजारावरच्या दुसऱ्या औषधावरही असेल तर यकृताची तपासणी दर महिन्याला हवी, आणि त्या औषधावर गर्भ राहता कामा नये. खरं तर या आजारातच गरोदरपण आईच्या जिवावर बेततं. हे बोलणं लग्नाच्या वयात व्हायला हवं, सासरच्यांसमोर नव्हे, तिच्याशी एकटीशी.

खाडीकाठ

चुलीचा प्रश्न मलाही पडला. आमच्याकडे सिलिंडर येऊन बरीच वर्षं झाली. तरी न्हाणीतलं पाणी आजही चुलीवरच तापतं. सोडणं, चुडतं, काजूचा पातेरा, जे असेल ते आत. पावसाळ्यात सगळं दमट, मग धूर कौलांतून बाहेर पडत नाही, पडवीभर साचतो. भात, डाळ गॅसवर झाली म्हणून आपण "चूल बंद झाली" म्हणतो, पण आई सकाळचा तासभर तिथेच फुंकणी घेऊन बसलेली असते. हा धूर मोजायचा की नाही?

सड्यावरची

@खाडीकाठ, मोजायचाच. हिस्टरी घेताना मी मुद्दाम विचारते, "आंघोळीचं पाणी कशावर?"

या विषयावरचं मोठं काम आपल्या देशातलं आहे. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती, भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि पाठक यांनी १९५९ मध्ये दिल्लीतल्या अशा पेशंटांचा अभ्यास छापला, ज्यांचं उजवं हृदय फुफ्फुसाच्या आजाराने निकामी होत होतं. पाश्चात्त्य देशांत हा धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा आजार मानला जाई. इथे बायका पुरुषांच्या बरोबरीने होत्या आणि त्यातल्या बहुतेक विडी ओढत नव्हत्या. त्यांनी बोट ठेवलं ते स्वयंपाकघरातल्या धुरावर. पद्मावती २०२० मध्ये १०३ वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांनी सांगितलेलं आजही आमच्या न्हाणीघरांत खरं आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

धुरातून हृदयापर्यंतचा रस्ता असा. श्वासनलिका सुजून अरुंद होतात, वायुकोश फाटतात, त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्यांचं जाळंही त्यांच्यासोबत जातं. उरलेल्या वाहिन्यांतून तेवढंच रक्त जायचं तर दाब वाढणार. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या वाहिन्या आवळतात. बाकी शरीरात नेमकं उलट होतं, तिथे त्या उघडतात. १९४६ मध्ये ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवर हे दाखवलं होतं. थोड्या भागात हवा कमी पडली तर ही सोय फायद्याची, पण सगळ्या फुफ्फुसातच ऑक्सिजन कमी असेल तर सगळ्याच वाहिन्या आवळलेल्या राहतात आणि वर्षानुवर्षांनी त्यांच्या भिंती कायमच्या जाड होतात. त्यात ऑक्सिजन कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, रक्त घट्ट होतं आणि उजव्या हृदयाचं काम आणखी जड.

करता येण्यासारखं: सोलर किंवा गिझर जमत असेल तर पहिला खर्च त्यावर करा. नसेल तर बंब घराबाहेर हलवा, आणि जाळ करण्याचं काम तरी आईकडून काढून घ्या.

तिरफळ

माझ्या आवशीचा असाच झाला. घाटी चढताना मधीच बसायची, चपला पायात जायनत इतकी सूज. शेजारी म्हणत, वय झाला, असा होताच. गोव्याक नेली तेव्हा कळला काय उजव्या बाजूक ताण इलो हा. डॉक्टरांनी मीठ बंद सांगल्यानी. तिना आमटी-भाजयेतला मीठ बंद केल्यान, पण दुपारची सोलकढी आणि पेजेबरोबर खाराचो आंबो चालूच. सूज काय उतरूक नाय. सोलकढीसाठीच्या कोकमाच्या आगळात मीठ असता ह्या कोणी सांगूकच नाय.

सड्यावरची

@तिरफळ, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ओपीडीत लावणार आहे, परवानगी असेल तर.

उजवं हृदय थकलं आणि अंगाला रक्त कमी पडलं की मूत्रपिंडांना वाटतं शरीरातलं पाणीच कमी झालंय. ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. मग सूज. गोळीने पाणी काढायचं आणि ताटातून मीठ परत द्यायचं, असं चाललं तर गोळीचा डोस वाढत राहतो आणि सूज तिथेच.

"मीठ कमी" एवढं सांगून आपल्याकडे भागत नाही, कारण आपलं मीठ मिठाच्या डब्यात नसतं. आगळ टिकतं ते मिठामुळेच. सुका बांगडा, सुकट, सोडे, खारातली कैरी, पापड, फरसाण. पेजेला चव नाही म्हणून लोणचं जास्त. सोलकढी सोडा असं मी म्हणत नाही. बिनमिठाची सोलं भिजवून करा, ओला नारळ, आलं, मिरची, कोथिंबीर. ताजा मासा चालतो, सुका नको. तिरफळ, चिंच, लिंबू यांनी आमटीची चव बरीच सावरते.

दोन इशारे. एक, बाजारात "लो सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. दोन, शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं. सूज उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आजारी माणसाला शहाळं द्यायचं ही आपली माया, पण इथे आधी डॉक्टरांना विचारा.

आणि घरात वजनकाटा ठेवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, रोज. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते अंगावर धरलेलं पाणी आहे. पाय सुजायची वाट न बघता फोन करा.

तिरफळ

लावा लावा. परवानगी कसली.

पाणकणीस

मी परिचारिका आहे, प्रसूती विभागात. एक मुद्दा राहू नये. आमच्याकडे पहिलटकरणी येतात, पाचव्या-सहाव्या महिन्यात, रात्री झोपता येत नाही, उशा लावून बसून राहतात. घरचे म्हणतात पोट वर आलंय म्हणून. त्यातल्या काहींना लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापाने मायट्रल झडप आखडलेली निघते. तोवर कोणाला पत्ताच नसतो.

सड्यावरची

@पाणकणीस, अगदी बरोबर. घसा, मग सांध्यांचा ताप, मग वर्षांनंतर झडप. डाव्या बाजूची झडप आखडली की रक्त फुफ्फुसात तुंबतं, तिथला दाब चढतो आणि भार उजव्या हृदयावर येतो. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, म्हणून इतकी वर्षं दबलेलं तेव्हा उघडं पडतं.

पण ही या धाग्यातली सगळ्यात आशेची जागा आहे. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडता येते. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र आणलं आणि आपल्याकडे ते भरपूर वापरलं जातं, गरज पडली तर गरोदरपणातही. झडप उघडली की फुफ्फुसातला दाब बऱ्याच जणींचा खाली येतो. ज्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय त्यांनी दुखतं म्हणून ते चुकवू नये.

रापण

थोडं वेगळं मत मांडतो. इको, स्पायरोमेट्री, सीटी, मग नळी घालून तपासणी. वेंगुर्ल्याच्या माणसाने गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर, चिपळूणच्या माणसाने मुंबई गाठायची. रोजंदारीवरच्या घराला हे परवडतं का? सगळ्यांना "कारण शोधा" सांगणं सोपं आहे.

सड्यावरची

@रापण, तुमचा आक्षेप योग्य आहे. म्हणून क्रम सांगते. निम्म्याहून अधिक उत्तर ईसीजी, छातीचा एक्सरे, नीट केलेला इको, स्पायरोमेट्री आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरच मिळतं, आणि ते जिल्ह्यात होतं. डाव्या हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा दोष स्पष्ट दिसला तर त्याचे उपचार सुरू करायचे, नळी घालायची गरज बहुतेकांना नाही.

उजव्या हृदयात नळी घालून दाब थेट मोजणं हीच खात्रीची तपासणी, पण ती कोणासाठी? ज्यांना महागडी खास औषधं आयुष्यभर द्यायचा विचार आहे, ज्यांच्यात जुन्या गुठळीचा संशय आहे, किंवा लक्षणं आणि इको जुळत नाहीत. त्यांनी मात्र प्रवास टाळू नये. १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून स्वतःच्या हृदयात नळी सरकवून एक्सरे काढला, तिथून ही तपासणी उभी राहिली. १९५६ चं नोबेल त्यासाठीच होतं.

हर्णै_बंदर

गुठळीचा उल्लेख आला म्हणून. माझा दीर ट्रॉलरवर होता. पाय मोडला, प्लास्टरमध्ये पडून होता, मग अचानक धाप लागून कोसळला. फुफ्फुसात गुठळी निघाली. वाचला. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सहा महिने घेतल्या आणि बंद केल्या. आता चालायला लागलं की परत दम. इथे सांगतात, मनाची भीती आहे.

सड्यावरची

@हर्णै_बंदर, भीती म्हणून सोडू नका, लवकर दाखवा.

अचानक मोठी गुठळी अडकली तर न सरावलेला उजवा कप्पा सरासरी ४० मिमीच्या वर दाब निर्माणच करू शकत नाही, म्हणून माणूस जागीच कोसळतो. तुमचे दीर त्यातून वाचले. पण थोड्या लोकांत ती गुठळी पूर्ण विरघळत नाही. रोहिणीच्या भिंतीला चिकटून तिचे दोरे-पडदे बनतात, आणि दाब महिनोन्‌महिने चढत जातो. किमान तीन महिने रक्त पातळ करण्याचं औषध घेऊनही दम राहिला तर व्ही-क्यू स्कॅन मागा. ही न्यूक्लिअर मेडिसिनची तपासणी आहे, मोठ्या शहरात होते. ती नॉर्मल आली तर हा आजार जवळजवळ नाहीच.

दोष निघाला तर? शस्त्रक्रिया करून रोहिणीच्या आतलं अस्तर गुठळीसकट सोलून काढता येतं. नेहमीची बायपास करणारे सगळेच ही करत नाहीत, अनुभवी केंद्रच हवं. ज्यांना जमते त्यातल्या बऱ्याच जणांचा दाब जवळपास नॉर्मलला येतो. गोळ्या परत सुरू करायच्या का, हे याच आठवड्यात विचारा.

चाकरमानी_डोंबिवली

स्पायरोमेट्री झाली. अडथळा बराच आहे म्हणाले. ऑक्सिजन बसल्या जागी ८६. घरी ऑक्सिजनचं मशीन लावा सांगितलंय. आईला चुलीवर चाळीस वर्षं झाली असतील. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसदिवस नसते, मशीन कसं चालवायचं?

सड्यावरची

मशीन घ्याच. स्थिर अवस्थेत ऑक्सिजन ८८ किंवा कमी असेल तर दिवसाला किमान १५ तास लावल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० च्या सुमाराच्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलंय. फुफ्फुसातल्या आवळलेल्या वाहिन्या त्याने थोड्या सैल होतात, उजव्या हृदयावरचा भार हलका होतो. कापरासारखं अधूनमधून हुंगायचं ते औषध नाही, झोपेचे तास त्यात धरा. लक्ष्य ८८ ते ९२. जास्त द्यावा म्हणून नॉब फिरवू नका, अशा फुफ्फुसात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते.

विजेसाठी: पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट घेतं. घरातला पंखे-दिव्यांचा छोटा इन्व्हर्टर त्यावर फार तास टिकणार नाही. त्यामुळे भरलेला एक सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर मे महिन्यातच घरी आणून ठेवा. सिलिंडर बदलायला शेजारच्या एखाद्या मुलाला शिकवून ठेवा, तुम्ही डोंबिवलीत असणार.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा: नळी नाकात असताना चूल, निरांजन, उदबत्ती, गॅस यांच्या जवळ जायचं नाही. पदर आणि केस क्षणात पेटतात. आई देवपूजा सोडणार नाहीत हे मला माहीत आहे. दिवा दुसऱ्याने लावायचा, त्यांनी लांबून हात जोडायचे.

फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी आणि न्यूमोकोकलची लस डॉक्टरांना विचारून. एका साध्या छातीच्या संसर्गानेही आईंचं उजवं हृदय कोसळू शकतं.

चाकरमानी_डोंबिवली

सिलिंडरचं आजच बघतो. बंब अंगणात हलवायचं वाडीतल्या चुलतभावाने कबूल केलंय. डॉक्टर, पुढच्या तपासणीला येताना काय काय आणू?

सड्यावरची

जुने सगळे इको, नुसता कागद नाही तर सीडी असेल तर तीही. चालू गोळ्यांच्या पट्ट्या, नावं लिहून नकोत, पट्ट्याच आणा. रोजच्या वजनाची वही. आणि आईंना स्वतःला बोलू द्या, त्या किती पायऱ्यांवर थांबतात ते त्यांनाच नीट सांगता येतं.